मालकांना हवं तसं शेत

सौदीतल्या अल खर्जच्या एका डेअरी फार्मवर मी ड्राफ्ट्समन आहे. गोठ्यांचे नकाशे, पाण्याच्या पाइपलाइनी, हेच माझं काम. गेल्या वर्षी मालक अमेरिकेत मुलाला भेटून आले ते एक जाडजूड पुस्तक घेऊनच. एकोणिसाव्या शतकात तिकडे चित्रकार गावोगाव फिरत आणि शेतकऱ्यांना त्यांच्या घरा-शेताची चित्रं काढून देत. तीच त्यात छापली होती. पांढरी कुंपणं, गुबगुबीत गाई, दारात घोडागाडी. एकाही चित्रात चिखल नाही. शेण तर नाहीच.

"आपल्या शेताचं असं काढ," मालक म्हणाले. आम्ही एकमेकांशी हिंदीत बोलतो. ती दोघांचीही नाही, त्यामुळे भांडण होत नाही.

"जसं आहे तसं?"

"अगदी जसं आहे तसं. फक्त पत्र्याची शेड नको, टँकर नको. आणि समोर एक तळं घाल."

"आपल्याकडे तळं कुठंय?"

त्यांनी पुस्तकावर बोट ठेवलं. "यांच्याकडे तरी होतं कशावरून?"

मी तळं काढलं, त्यात बदकं सोडली. मग मालकांची नजर आम्हा कामगारांच्या खोल्यांवर गेली. "इथे मोठं झाड घाल." मी निमूटपणे माझ्याच खिडकीवर डेरेदार कडुनिंब काढला. वाईट वाटलं, पण झाड झकास जमलं.

चित्र फ्रेम होऊन ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर लागलं आणि पंचाईत झाली. पाहुणे कॉफी संपली की तळं बघायला निघत. मालकांनी एक-दोनदा विषय बदलला, मग सरळ जेसीबी मागवला. खड्डा खणला, प्लास्टिक अंथरलं, पाणी टँकरनेच आणलं. बदकं दम्मामहून आली. ती उन्हाला कंटाळून दिवसभर गोठ्यातल्या पंख्यांखाली गाईंबरोबर बसतात. शेवटी क्रेनने एक वाढलेला कडुनिंब आणून आमच्या खोल्यांसमोर लावला. आम्ही दिसू नये म्हणून.

बायकोला व्हिडिओ कॉलवर झाड दाखवलं.

"अहो, सावली झाली की तुम्हाला!" ती म्हणाली. "अजून जरा लपवा म्हणावं, एसीसुद्धा नवा येईल."

हल्ली मालकांचा धाकटा भाऊ माझ्या मागे लागलाय. त्याचं शेत आमच्या शेताला लागूनच आहे, त्यालाही चित्र हवंय. जसं आहे तसंच, फक्त त्यात थोरल्याचं घर नको. मी घाबरत घाबरत मालकांच्या कानावर घातलं. ते खूप हसले.

"काढून दे," म्हणाले. "पण तळं माझ्याच बाजूला ठेव."