शेजारचा फुटबॉलपटू

जेसल पार्कात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये युक्रेनचा एक फुटबॉलपटू भाड्याने राहतो. मुंबईतल्या एका क्लबकडून खेळतो. हा त्याचा तिसरा परका देश. लिफ्टमध्येही तो स्वस्थ उभा राहत नाही, टाचा उचलत घरी फोन लावत असतो. हिंदी येते ती मैदानावरचीच, "पीछे! जल्दी!"

परवा सोसायटीत आगीच्या सरावाचा भोंगा वाजला. त्याच्या गावी भोंगा वाजतो तो बॉम्ब पडायच्या आधी. "जल्दी!" ओरडत तो आमच्या घरात शिरला आणि गुडघ्यांनी अधू झालेल्या माझ्या आईला उचलून जिन्याने खाली घेऊन आला. खाली सगळे हसत उभे होते. तो मात्र आभाळाकडे बघत होता.

"अरे, ये तो..." सेक्रेटरी सांगायला लागले. आईने त्यांना नजरेनेच गप्प केलं आणि त्याच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "वाचवलंस रे बाबा मला."