सदर इसम

हे कोणाले सांगू नका म्हणून सांगून राह्यलो, अन् तुमी सांगसान हे बी मले माहीत हाये. आधी चहा संपवा. माह्याच हातानं माह्यी कशी फजिती झाली हे ऐकताना घोट घेतला तं तो नाकात जाते. मांगच्या खेपेले आमच्या सोयऱ्याचा गेलता.

मी मेडशीचा पाटील. आपला विदर्भ मुंबई राज्यात गेला ना, त्या सुमाराची गोष्ट. तवा गावात माह्या शब्दाले मोल होतं बरं का. कोणाचं पोरगं कधी जन्मलं, वावराचा कोणता धुरा कोणाचा, कोणता बैल कोणाचा, पाटलानं एकदा म्हतलं का झालं. लोक सकाळपासून ओट्यावर येऊन बसत. मी मुद्दाम दात घासाले उशीर लावो.

माह्या सासऱ्याले, म्हणजे मामाजीले, दोनच पोरी. थोरली शेवंता माह्या घरी, धाकटी कुसुम वाशीमच्या मधुकर वकिलाच्या घरी. म्हणजे वकील माहा साडू. आता साडू काय चीज असते ते तुमाले सांगाले पाह्यजे का? भावानं वाटणी मागतली तरी एवढा राग येत नाई, जेवढा साडूच्या नव्या कोटानं येते. कारंज्याले मामाजीच्या घरी आमी दोघं जेवाले बसलो का माहं ध्यान माह्या ताटात कमी अन् वकिलाच्या ताटात जास्त. त्याच्या पोळीवर तूप किती पडलं? त्याले पाट कोणता देल्ला? मामाजी त्याले "वकीलसाहेब, घ्या ना" म्हणत, अन् मले "घे रे गणपत". थोरला जावई मी, अन् रे मले! सांगा तुमीच.

त्यात सरकारनं वकिलाले नोटरी केलं.

पह्यल्यांदा ऐकलं तवा मले वाटलं काही आजार-बिजार हाये. मनात म्हतलं, चला, देव हाये. मंग समजलं का सरकारनं त्याले शिक्का देल्ला. कोणाले शपथेवर काही लिहून द्याचं असलं, कोणाले मुखत्यार नेमाचा असला, का त्यानं माणसाले समोर बसवाचं, ओळख पाह्याची, शपथ द्याची, सही घ्याची अन् शिक्का माराचा. मंग तो कागद वाशीमात चालते, अकोल्यात चालते, मुंबईत बी चालते. अन् माहा शब्द? तो मेडशीच्या नाल्यापलीकडे चालत नव्हता.

गावात लोक पुसत, "पाटील, नोटरी म्हणजे काय जी?" मी सांगो, "नोटिसा वाटाचं काम असते. चपराश्याच्या एक पायरी वर." हे ऐकून लोक माना हालवत अन् माह्या जिवाले जरा थंडावा वाटे.

पण तो बी टिकला नाई. आमच्या गावच्या सीतारामले पोराच्या जन्मतारखेचं शपथपत्र पाह्यजे होतं. तो माह्या ओट्यावरून, माह्या डोळ्यासमोरून, वाशीमची मोटार पकडाले गेला. वापस येऊन वरतून मलेच दाखवते, "पाटील, बोट फिरवून पाहा, अक्षरं हाताले लागतात." मी बोट फिरवलं. लागत होती हो! गोल शिक्का, त्यात वकिलाचं नाव उठून आलेलं. त्या दिवशी भाकर गोड लागली नाई.

घरात बी तेच. शेवंता म्हणे, कुसुमच्या मालकाचा शिक्का पितळेचा हाये म्हणते. म्हतलं, आपल्या घरी पाण्याचा गुंड पितळेचा हाये, त्याचं तं कोणी नाव काढत नाई. ती हसली. मी नाई हसलो. जळून राह्यलो होतो मी, सरळ सांगतो. लाकूड जळते तवा धूर तरी दिसते, माहा तो बी दिसत नव्हता.

आता खरी गोष्ट आयका. मामाजी चारधामाले निघाले होते. जाणं-येणं मिळून गंज महिने लागणार. मांगं कारंज्याचं वावर, काळं कुळकुळीत, विहिरीचं. ते पाह्याले मुखत्यार नेमाचा होता. मुखत्यार म्हणजे काय, का मामाजीच्या जागी तोच पेरीन, तोच कापूस इकीन, सही तोच करीन, कोर्टात उभा तोच राहीन. मले तं त्यात इचार करासारखं काहीच दिसत नव्हतं. थोरला जावई मी, शेतकरी मी. वकिलाले तूर कोणती अन् कापसाची पऱ्हाटी कोणती हे शेंग लागल्याशिवाय समजत नाई. त्या वावरात जाऊन धुऱ्यावर उभं राहून "ए, तिकडच्या सऱ्या नीट धरा" असं म्हणाचं मी सपनात कितीकदा करून पाह्यलं होतं.

बाजाराच्या दिवशी वाशीमले गेलो. पाणी प्याच्या निमित्तानं साडूच्या घरी डोकावलो. पाहातो तं बैठकीत मामाजी! समोर वकील, मधात कागद, अन् वकील त्या कागदावर शिक्का दाबून राह्यला. मले पाह्यल्याबरोबर मामाजीनं कागदाची घडी केली अन् कोटाच्या आत टाकली. पण खालचा कोपरा दिसलाच. गोल शिक्का, खाली सही. दोन्हीत नाव एकच, वकिलाचं.

म्हतलं, "मामाजी, हे काय?"

"मुखत्यारपत्र. नाव कोनाचं ते निघाच्या आदल्या दिशी पंगतीत सांगीन. तवरक गुमान राह्य."

आत गेलो तं कुसुमनं पाणी देल्लं अन् वरतून मीठ बी. म्हणते, "आता बाबांचा कागद ह्यांच्या नावाशिवाय होतच नाही, भाऊजी."

झालं. आणखी काय पाह्यजे? आता तुमी शिकलेले लोक म्हणसान, अरे, शिक्का मारणाऱ्याचं नाव शिक्क्यात राह्यतेच. पण आमच्या खळ्यावर काय करतात? रास लागली का चोरी होऊ नये म्हणून तिच्यावर राखेचा ठसा मारतात. ज्याचा ठसा त्याची रास. बैलावर ज्याचा डाग त्याचा बैल. मंग कागदावर ज्याचा शिक्का, वावर त्याचंच नाई तं काय शेजाऱ्याचं?

तिथून निघालो तो तरातरा तहसिलीसमोरच्या लिंबाखाली. तिथं एक बुढा अर्जनवीस बसे. त्याले म्हतलं, एका माणसावर शपथपत्र लिव. असं लिव का मुखत्यारपत्र फाटलं पाह्यजे. तो म्हणे, लिवतो, पण तहसीलदार दौऱ्यावर हायेत, शपथ घ्याले नव्या नोटरीकडेच जा लागन.

आता पाहा पंचाईत. ज्याच्यावर लिवाचं, त्याच्याचकडे शिक्का! नाव वाचल्यावर तो शिक्का कायले मारीन? पण मी बी पाटील होतो. डोकं चाललं माहं, अन् तेच चालाले नोको होतं. म्हतलं, बुवा, नावच घालू नोको. अर्जनवीस खूश झाला. त्यानं अशी बहारदार ओळ काढली का मी त्याले पान खाऊ घातलं. "सदर मुखत्यारपत्रात मुखत्यार म्हणून ज्या इसमाचे नाव नमूद आहे, तो सदर इसम..."

आता सदर इसम कसा? मी सांगत गेलो, तो लिवत गेला. सदर इसम लोभी आहे. सदर इसम हलक्या कानाचा आहे. सदर इसम दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून जेवतो. सदर इसम मानपानासाठी रुसतो. सदर इसमाचे डोके तापले म्हणजे त्यास पुढचे-मागचे दिसत नाही. त्याच्या हाती वावर गेल्यास वावराची नासाडी होईल. अर्जनवीस मधातच थांबून मले पाहे, पुन्हा लिवे. मले वाटे, भाषेवर खूश होऊन राह्यला.

वापस वकिलाच्या घरी गेलो. मामाजी तवरक मोटारीनं निघून गेलते. वकिलानं कागद वाचला. चष्मा काढला. पुन्हा वाचला.

"दादा, हे तुम्हीच सांगून लिहवलंत?"

"मीच."

"सदर इसम कोण, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

मी त्याच्या डोळ्यात डोळे घालून म्हतलं, "नखापासून शेंडीपर्यंत ओळखतो. त्याच्यासारखा लोभी या मुलखात नाई."

वकिलानं कागद खाली ठेवला. मंग म्हणे, एवढं धाडस मी वकिलीत पाहिलं नाही. त्याच्या कपाळावर घाम होता का काय, मले तं घामच दिसला. मनात म्हतलं, बस, लागला बाण.

त्यानं नियमानं सगळं केलं. पूर्ण कागद मोठ्यानं वाचून दाखवला, ईश्वरास स्मरून वदवून घेतलं. शिक्का हातात घेऊन म्हणे, "दादा, अजूनही सांगतो. आत लिहिलेलं खरं की खोटं, ते माझा शिक्का सांगत नाही. तुम्हीच शपथ घेतली, तुम्हीच सही केली, माझ्यासमोर केली, एवढंच तो सांगतो. खोटं निघालं तर खोट्या शपथेचा गुन्हा तुमच्यावर."

"मार शिक्का."

मारला त्यानं. मी बोट फिरवून पाह्यलं. अक्षरं हाताले लागली. पह्यल्यांदा साडूचं नाव पाहून जिवाले बरं वाटलं.

निघाच्या आदल्या दिवशी कारंज्याले पंगत. सोयरेधायरे, शेजारपाजार, सगळं घर भरलेलं. जेवणं झाली. मामाजी खाकरले, कोटातून मुखत्यारपत्र काढाले हात घातला, तसा मी उभा राह्यलो. म्हतलं, मामाजी, आधी हे वाचा. शपथेवर हाये, शिक्क्याचं हाये. शेवंता दारात होती, तिनं डोळ्यानं खूण केली का बसा. पण मी आता कोणाचा आयकतो?

मामाजीनं चष्मा लावला अन् वाचत गेले. लोभी म्हतलं तवा बायाईत कुजबुज झाली. दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून जेवते म्हतलं तवा एक म्हातारी म्हणे, खरं हाये माय, मी पाह्यलं. मी वकिलाकडे पाहून मिशीवर हात फिरवला. वकील खाली पाहून राह्यलता.

वाचून झालं. मामाजीनं चष्मा पुसला.

"गणपत, म्या तुले आजवर हलका समजो. पण कागदातलं नाव वळखून सोताच्या तोंडानं, सोतावर, शपथेवर एवढं खरं बोलनारा मानूस म्या पाह्यला नाई."

सोतावर?

मामाजीनं मुखत्यारपत्र उघडलं अन् वाचलं. "माझे थोरले जावई गणपतराव पाटील, राहणार मेडशी, यांस मी मुखत्यार नेमितो..."

तुमाले सांगतो, पायाखालची जमीन सरकली, अन् कारंज्याच्या वावराची बी. गणपत*राव* लिवलं होतं हो त्यात! जलमभर ज्या 'राव'साठी झुरलो तो मामाजीनं कागदात घातला होता, अन् मी त्याच्यावरच शपथ घेऊन बसलो होतो.

तोंडातून निघालं, "मामाजी, ते खोटं हाये."

वकील हळूच म्हणे, "दादा, जपून. खोटं असेल तर गुन्हा आहे."

आता काय करता? खरं म्हतलं तं वावर जाते, खोटं म्हतलं तं जेल. अन् ते वकिलावर लिवलं होतं हे सांगावं, तं सगळ्या सोयऱ्याईसमोर साडूवर जळतो हे कबूल करा लागते. त्यापेक्षा जेल बरा वाटला. मी गुमान खाली बसलो.

मामाजी म्हणे, शपथेवर सांगतलं ते मी कसं मोडू? त्याईनं तिथंच शेवंताले बोलावलं अन् मुखत्यारी तिच्या नावानं करून टाकली. वकिलानं पिशवीतून शिक्का काढला. बरोबर घेऊनच आलता तो, हे मले मंग सुचलं.

हात धुवाले आमी दोघं मांगच्या अंगणात गेलो तवा मी त्याले पुसलं, तुह्यं नाव काहून नव्हतं त्या कागदात? तो म्हणे, जो शिक्का मारतो त्यानं स्वतःलाच त्या कागदात मुखत्यार कसं करून घ्यायचं? कोर्ट उडवून लावेल. मले रहावलं नाई. म्हतलं, मंग त्या दिवशी तुले समजलं नव्हतं का मी कोणावर लिवलं ते?

त्यानं माह्या हातावर तांब्यातलं पाणी टाकलं.

"दादा, नोटरीनं सही कोणाची ते पाहायचं असतं. मनात कोण आहे ते पाहायचा शिक्का सरकारनं दिलेला नाही."

त्या सालापासून कारंज्याच्या धुऱ्यावर शेवंता उभी राह्यते अन् सऱ्या मी धरतो. मामाजी चारधाम करून आले, वावर पाहून खूश झाले, मुखत्यारी तिच्याकडेच ठेवली. माहं शपथपत्र तिनं ट्रंकेतल्या लुगड्याच्या घडीत जपून ठेवलं हाये. भांडण झालं का काढत नाई, नुसतं ट्रंकेकडे पाह्यते.

अन् 'अहो' म्हणून तं तिनं तवापासून हाक मारलीच नाई मले. आता बी आयका, आतून आवाज देऊन राह्यली पाहा. "सदर इसम, चहा झाला असन तं जेवाले या. अन् आपल्याच ताटात पाहून जेवा."