ओळख पटल्यावरच

मी आणि माझा मित्र परळच्या एका ऑफिसात प्रोग्रॅमर होतो. तो गिरगावच्या खोताच्या वाडीत, लाकडी जिन्याच्या घरात आईबरोबर राहायचा. तिचे गुडघे धरले तेव्हा त्याने तिच्या पलंगाला एक बटण बसवलं. ते दाबलं की कपाटावरच्या छोट्या कॉम्प्युटरमधला त्याने लिहिलेला प्रोग्रॅम माझ्या लालबागच्या घरातल्या सर्व्हरला गाठायचा, आणि आम्हा दोघांच्या फोनवर निरोप यायचा, 'मम्मी बोलावतेय.'

मधली वाट कुलूपबंदच हवी, असा त्याचा हट्ट. माझ्या सर्व्हरने आपलं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, दाखवायचं, त्याच्या प्रोग्रॅमने त्याचं. दोघांची ओळख पटली तरच बोलणं सुरू. मी वैतागून म्हटलं, "तपासणी बंद कर ना रे, एका ओळीचं काम."

"मग कुणीही माझं नाव लावून येईल," तो म्हणाला.

पुढे तो अचानक गेला. छातीत दुखतंय म्हणाला, तेवढंच. पण तो कॉम्प्युटर चालूच राहिला. रोज सकाळी जोडणी नीट आहे ना, हे बघायला तो माझ्या सर्व्हरकडे यायचा, आणि माझ्या स्क्रीनवर मित्राचं नाव उमटायचं. पुढे शब्द, ओळख पटली.

एका दुपारी फोन वाजला, 'मम्मी बोलावतेय.' टॅक्सी करून गिरगावात पोचलो. आंटी खिडकीशी शांत बसल्या होत्या.

"काय झालं, आंटी?"

"काय नाय रे. दाबून बघितलं. अजून कोण येतं का ते."

मी त्यांना सकाळच्या नावाचं सांगितलं. नको होतं सांगायला. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा फोन येऊ लागला. "आला?" "आला, आंटी." एवढंच बोलणं.

मग एका सकाळी त्याच्या नावापुढे वेगळे शब्द उमटले. सर्टिफिकेटची मुदत संपली होती. त्याच्या नावाचं नवीन काढायला त्याचा पासवर्ड लागणार, आणि तो त्याच्याबरोबर गेलेला. तेवढ्यात फोन वाजला.

"आला?"

"आला. पण आत घेता येत नाहीये."

तपासणीची ती ओळ उघडून मी कितीतरी वेळ बसलो. मग ती तशीच ठेवून फाईल मिटली आणि त्यांच्याकडे गेलो. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "नवीन कर. त्याचं नाव नको घालू आता. माझं घाल."

तिथेच बसून माझ्या पासवर्डने केलं. जुनं सर्टिफिकेट त्या कॉम्प्युटरवरून पुसलं. दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर आंटींचं नाव आलं, ओळख पटली.

आंटींच्या नावाच्या वरच्या ओळीत मात्र त्याचं नाव होतं. मुदत संपली, जोडणी नाकारली.

कुठल्यातरी दुसऱ्या मशीनवर त्याने या प्रोग्रॅमची प्रत चालू ठेवली असणार. दुसरं काय असेल? कुठे, ते मला शोधता आलेलं नाही. रोज तो येतो, सर्व्हर नाव लिहून घेतो आणि दार लावतो. ते येणंच अडवता येईल, पण तिथे माझा हात जात नाही.

आंटींना हे ठाऊक नाही. हल्ली फोन करतात तेव्हा विचारतात, "जेवलास काय रे?"