डोळ्यांची जीप

ब्याण्णव सालची थंडी. बायनाबाईचा त्या सकाळी एका जागी पाय ठरत नव्हता. ओसरीवरून अंगणात, अंगणातून मेंढवाड्यात, पुन्हा ओसरीवर. पिंपळगावच्या रेणुकाईच्या देवळापुढं डोळ्यांच्या शिबिराची जीप येऊन उभी होती. मोतीबिंदू फुकटात काढून देणार, जेवणासकट. जीप जरा वेळात निघणार होती आणि बाईला जायचं होतं. मग जावं की! पण छे.

अडचण लेकाची होती. राधाकिसननं देवळापुढच्या पारावर चारचौघांत सांगून टाकलं होतं, आपल्या आईला फुकटाचं काही नको, आपण तिला जालन्याला मोठ्या डॉक्टरकडं नेणार. कधी? आधी पेरणी, मग राशी, मग पोरीचं बारसं. पोरगा खोटारडा नव्हता हो, त्याला फक्त सवड नव्हती. आता आई त्या जीपमध्ये बसली तर गाव म्हणणार, धडधाकट लेक असून म्हातारी बेवारशासारखी गेली. हे तिच्या जिवाला लागायचं. मोतीबिंदू घरात ठाऊक होता, पण आता आपल्याला काहीच दिसत नाही, हे तिनं कळू दिलं नाही. सगळं चाचपून भागवायची. बारशाला नात मांडीवर घेतली आणि खुशाल म्हणाली, बापावरच गेली बघा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण परवा घोटाळा झाला. सांजेला मेंढरं आली की ज्याचं कोकरू त्याच्या आईला लावायचं, हे काम तिचं, जन्माचं. त्या दिवशी एक नवं कोकरू तिनं भलत्याच मेंढीला लावलं. मेंढीनं ढुशा देऊन हाकललं, आणि सकाळी ते उपाशीपोटी मरून पडलेलं. सून म्हणाली, थंडीनं गेलं. पण ते आपल्या चुकीनं गेलं, हे बाईला पुरतं कळलं होतं.

हॉर्न वाजला तशी ती उठली. गाठोडं काखेत मारलं, भिंती धरत धरत देवळापुढं गेली आणि जीपमध्ये चढून बसलीसुद्धा. तेवढ्यात राधाकिसन तणतणत आला. गावात आपली इज्जत घालवायला निघालीस, खाली उतर, म्हणाला. बाईनं आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं.

"कोकरू थंडीनं न्हाई मेलं. म्या भलत्या मेंढीला लावलं. मला काईच दिसत न्हाई."

"कवापासून?"

"तुझ्या पोरीचं तोंड अजून पाह्यलं न्हाई म्या."

पोरगी आता रांगत होती. ड्रायव्हरनं घाई केली, तसा राधाकिसन वर चढला आणि आईला खेटून बसला, सगळ्या पाराच्या देखत.