यशोदेच्या पत्त्यावर

समुद्रपूरची अंजू लग्न होऊन वर्ध्याला आली, ते २००७ साल. नवऱ्याची, निकेशची, पहिली बायको बाळंतपणात गेली होती. तिचं नाव यशोदा. लग्नातल्या रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले आणि निकेशने अंगठीने त्यात नवरीचं नवं नाव लिहिलं. अंजूने मान वाकवून वाचलं: यशोदा.

"रेशनकार्डात हायेच," सासरे पुंडलिकराव व्याह्यांना म्हणाले. "ग्यासच्या कार्डातही हाय. कायले नवीन खटाटोप?"

मांडवात हशा पिकला. अंजूचे वडीलही हसले.

पुंडलिकरावांचं कापडाचं दुकान होतं आणि समाजाच्या मंडळाचं अध्यक्षपद. पुढच्या वर्षी मंडळाने वेबसाइट काढली. प्रत्येक सभासदाला स्वतःचं पान आणि त्या पानाला स्वतःचा पत्ता मिळणार होता: मंडळाचं नाव, मग तिरकी रेघ, रेघेपुढे सभासदाचं नाव. सून कॉम्प्युटर शिकलेली होती आणि घरचीच होती, म्हणून काम तिच्याकडे आलं.

वर्ध्याला लागूनच्या पिपरी मेघेतल्या घरात दुपारभर ती पत्ते बनवत बसे. बापूराव. तानबा. हरिदास. रेघेपुढे नाव टंकलं की त्या माणसाचं दार उघडे. एका दुपारी तिने रेघेपुढे 'अंजू' टंकलं. पान कोरंच ठेवलं. मग रोज काम सुरू करण्याआधी ती तेवढं एक दार उघडून पाही आणि लोटून घेई.

पत्ते तपासताना ते पुंडलिकरावांना दिसलं.

"हे अंजू कोन होय?"

"मीच, मामाजी. माहेरचं नाव."

"माहेरचं माहेरी. मिटव."

"कोणाला दिसत नाही ते."

"दिसत नाई तं ठेवतं कायले?"

सासूबाई अनुसयाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दोन-दोन नावं कोनाले लागते, मालूम हाय ना? पोलिस ज्याइले शोधून राह्यले, त्याइले!"

पुंडलिकराव हसले, पण पान पुसलं जाईपर्यंत खुर्चीमागून हलले नाहीत. "आता यशोदाचा पत्ता बनव. तुहा फोटो लाव."

उद्घाटन मंगल कार्यालयात झालं. पडद्यावर एकेक सभासद येई आणि लोक टाळ्या वाजवत. जाम गावच्या चौकात चहाचं दुकान चालवणाऱ्या सुमित्राबाईही आल्या होत्या, गेलेल्या यशोदेच्या आई.

इंटरनेट संथ होतं. नाव आधी उमटे, फोटो वरून खाली हळूहळू उतरे. पडद्यावर यशोदेचं नाव आलं आणि सुमित्राबाई उठून उभ्या राहिल्या. भांग दिसला. कपाळ दिसलं. मग डोळे दिसले, ते अंजूचे होते.

"बसा ना बाई," मागून कोणीतरी म्हणालं, "दिसून नाई राह्यलं."

जेवणाच्या पंगतीमागे सुमित्राबाईंनी अंजूला गाठलं. कनवटीच्या पिशवीतून एक फोटो काढला. "माही पोरगी दिसन म्हून आलतो. नाव तं तुनं घेतलंच. तोंड तरी तिचं राहू दे."

नाव अंजूने मागितलं नव्हतं. तिने फोटो पदराखाली धरला.

दुसऱ्या दिवशी यशोदेच्या पत्त्यावरून तिने स्वतःचा चेहरा काढला आणि त्या जागी यशोदेचा लावला. आता कोणीतरी चमकेल, ओरडेल, विचारेल: ही कोण? आणि मग तू कोण? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिने जिभेवर तयार ठेवलं होतं.

पुंडलिकरावांनी पाहुण्यांना पान दाखवलं. "हे आमची सून. सारे पत्ते इनंच बनवले," असं पडद्याऐवजी पाहुण्यांकडे पाहतच ते म्हणाले. पाहुण्यांनी मान डोलावली. अंजू चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभी होती.

एका संध्याकाळी निकेश कॉम्प्युटरसमोर बसला. पान उघडलं आणि त्याचा हात थांबला.

"हा कोनं लावला?"

"मी," अंजू म्हणाली.

मग त्याने खुर्ची जरा पुढे ओढली.

"राहू दे," तो म्हणाला. "हाच चांगला हाय."

ती उभीच होती. मान न वळवता तो म्हणाला, "जेवाले वाढ, यशोदा."