नोटिशीवरची म्हैस

आता माझी फजिती मीच सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगायला नको. चहा घ्या, पण हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर हसलात तर मला राग येतो!

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी मूळचा साताऱ्याचा, पण तेव्हा सांगलीत विश्रामबागेत एका डीटीपीच्या दुकानात होतो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, असली कामं. सासुरवाडी इस्लामपूरजवळच्या एका खेड्यात. सासरे, म्हणजे आमचे मामा, तिथल्या दूध संस्थेचे चेअरमन. आणि मामांनी हौसेनं संस्थेला कंप्युटर घेतला!

झालं! विरोधकांनी रान उठवलं. "म्हशीला वैरण न्हाई आन् चेअरमनला टीव्ही पायजे!" वार्षिक सभेत मामांना खुर्चीवरून खाली ओढायचं, हे ठरूनच गेलं.

मामांनी मला बोलावून घेतलं. "जावईबापू, सभेची नोटीस कंप्युटरवर काढा. वर एक म्हस पायजे, झोकात. लोकास्नी दिसूद्या कंप्युटर काय करतोय ते. न्हाईतर माझी खुर्ची गेली म्हणून समजा."

मी म्हटलं, एवढंच ना!

म्हैस मी दुकानातच काढली. रेघांची, म्हणजे कितीही मोठी करा, कडा फाटत नाहीत अशी. काळीभोर, वळणदार शिंगांची. फ्लॉपीत घातली आणि एसटीनं गेलो. तर संस्थेच्या कंप्युटरात फक्त पत्रं लिहायचा प्रोग्राम! त्यानं माझी फाइल उघडायलाच नकार दिला. म्हणे, ही फाइल ओळखता येत नाही. अरे, म्हैस आहे बाबा, त्यात ओळखायचंय काय?

परत सांगली. मग म्हैस ठिपक्यांच्या फाइलीत बदलली. ती एवढी फुगली की फ्लॉपीत मावेना. बारीक केली तर पाठीला जिन्यासारख्या पायऱ्या! आणखी एका प्रकारात बदलली, तर पत्रात नुसती रिकामी चौकट, आत भलीमोठी फुली. दर वेळी सांगली ते सासुरवाडी, एसटीत उभं राहून. एका म्हशीपायी माणसानं किती हेलपाटे घालायचे, सांगा!

शेवटी माझं डोकंच फिरलं. फाइल बदलताना दुकानातला प्रोग्राम इंग्रजीत प्रश्न विचारायचा. हे करू का? ते करू का? निवडलेलंच पाठवू का? मी म्हटलं, हो रे बाबा, हो! पाठव एकदाची! आणि एंटर, एंटर, एंटर.

आणि काय आश्चर्य, या खेपेला म्हैस पत्रात आली! शिंगं आली, शेपटी आली. खाली मजकूर मीच लिहिला: 'संस्थेत नवी सोय सुरू झाली आहे. सभासदांनी सभेच्या दिवशी येऊन लाभ घ्यावा.' नवी सोय म्हणजे कंप्युटर, हे काय कुणाला सांगायला हवं?

सासूबाईंनी जावयासाठी कोंबडं कापलं होतं, रश्श्याचा वास थेट संस्थेपर्यंत येत होता. मी घाईघाईनं सेक्रेटरी गणपतरावांना म्हटलं, "काढा गावाला पुरतील एवढ्या नोटिसा!"

गणपतरावांनी कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "पावणं, ही म्हस..."

"कशी आहे?"

गणपतरावांनी शेजारी उभ्या मामांकडं पाहिलं. "लय दांडगी हाय."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "रुबाबदार हाय," म्हणाले, आणि घाम पुसायला लागले. मला वाटलं, माणूस भारावलाय.

सभेच्या दिवशी मी बायकोला, शोभाला घेऊन ऐटीत गेलो. बघतो तर काय, संस्थेच्या दारात सभासदांची रांग, आणि सभासदांबरोबर म्हशी! पहिल्या नंबरला हौसाआक्का, हातात दावं.

"पावणं, रेडा कुठं बांधलाय?"

"कसला रेडा?"

"आवं, तुमीच छापलाय न्हवं? नवी सोय म्हणून! माझी म्हस कालधरनं वरडतीया. दावा की रेडा!"

तिनं नोटीस माझ्या नाकासमोर धरली. शिंगं होती, शेपटी होती, आणि पोटाखाली सगळं साफ! कास मी सगळ्यात शेवटी वेगळी काढली होती आणि म्हशीला जोडायची विसरलो होतो. निवडलेलंच पाठव म्हटल्यावर प्रोग्रामनं म्हैस पाठवली, कास ठेवली सांगलीत. दूध संस्थेच्या कागदावर रेडा! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

शोभानं कपाळावर हात मारला. "तुम्ही बघितलं नाही?"

"अगं, मी शिंगं बघत होतो!"

"दुधाच्या जनावराची शिंगं बघतात होय!"

सभेत विरोधक नुसते ओरडत होते, "चेअरमन रेड्याची धार काढणार!" मामांचा चेहरा पडलेला. मला भडभडून आलं. उठलो, म्हटलं, "मामा, चूक माझी..."

"जावईबापू, तुमी बसा!" मामा कडाडले आणि सभेकडं वळले. "हसताय काय रं? गावात एक तरी धड रेडा हाय का? म्हस घिऊन इस्लामपूरपतूर कोण तंगड्या तोडतंय? रेडा पायजे का न्हाई ते बगायला चित्र छापलं, तर तुमी म्हशीच घिऊन आलासा! मग ठराव मांडतो, संस्थेनं रेडा घ्यायचा!"

हौसाआक्कानं दाव्यासकट हात वर केला. मग सगळ्यांनी. विरोधकांनीसुद्धा, कारण म्हशी त्यांच्याही होत्या. मामांची खुर्ची वाचली.

बाहेर मी गणपतरावांना धरलं. "तुम्हाला दिसलं होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"दिसलं की! पर जावयाला कसं सांगायचं, म्हशीला कास न्हाई म्हणून?"

पुढं रेडा आला, चांगला मुऱ्हा जातीचा. आणि गावानं त्याचं नावही ठेवलं. मला कुणी सांगितलं नाही, अर्थातच. पुढच्या खेपेला एसटीतून उतरलो, तर एक म्हातारा हाक मारत येत होता, "जावईबापू मोकळं हायत का?"

"मोकळाच आहे, बोला ना!" मी खुशीत म्हणालो.

त्यानं मागच्या म्हशीचं दावं सावरलं आणि मला हातानं बाजूला सारलं. "तुमी न्हवं, ते गोठ्यातलं. आमाला कामाचं जावईबापू पायजेत."