तानीनं लपवलेली पिल्लं

अंबाडीच्या पुढे, वाड्याच्या रस्त्यावरून आत वळलं की तानीचा पाडा. पाड्यात पंधरा घरं, आणि पंधराही घरांच्या कोंबड्यांची अंडी तानीच्या झोपडीत उबायची. खुडूक कोंबडी कुठली, किती अंडी झेपतील, सगळं तिला नजरेनं कळे. वाटा ठरलेला होता: निम्मी पिल्लं घरधनिणीची, निम्मी तानीची. कोणाची कुठली ते कळावं म्हणून ती पिल्लांच्या पायांत कापडाच्या लूमवरच्या टाकाऊ सुताचे रंगीत दोरे बांधी. नवरा गेल्यापासून ती या वाट्यावरच जगत होती, आणि ताठ मानेनं जगत होती. "बयच्या हाताला यश हाय," असं बायका म्हणाल्या की ही ऐकलंच नाही असं दाखवायची आणि दिवसभर तेच मनात घोळवायची.

तिचा एक नेम होता. पंख फुटेपर्यंत पिल्लं परक्या माणसाला दाखवायची नाहीत, दृष्ट लागते. आईनं शिकवलेलं ते तिनं कधी मोडलं नव्हतं.

दिवाळीनंतर गुरांच्या दवाखान्यातला शैलेश बर्फाच्या डब्यातून लस घेऊन आला. पंचविशीचा, हसतमुख पोरगा.

"मावशी, आधी पिल्लं काढा. डोळ्यात एकेक थेंब टाकतो, झालं."

"पिल्ला कुठली? अजून अंडीच हाईत."

तिच्या पाठीमागं, लुगड्यानं झाकलेल्या डालग्याखाली चाळीस पिल्लं होती. ती नेमकी तेव्हाच चिवचिवली. तानी जोरजोरानं खोकायला लागली.

शैलेशला हसू आलं, पण तो समजुतीनं बोलला. "मावशी, मानमोडीचा रोग आला तर मोठी कोंबडी एखादे वेळी तरून जाते. पिल्लू तरत नाही. जितकं लहान, तितकं लवकर जातं."

तानीला ते अजिबात पटलं नाही. मोठी कोंबडी पाडाभर उकिरडे उकरत हिंडते, रोग बाधेल तर तिला. पिल्लू आईच्या पंखाखाली, तिथं काय पोचणार? तिनं सातही मोठ्या कोंबड्या त्याच्यापुढं धरल्या आणि टोचून घेतल्या. पिल्लं मात्र दाखवली नाहीत.

वीसेक दिवसांनी तिची तांबडी कोंबडी शिंकायला लागली. दोन दिवस दाण्याला तोंड लावलं नाही, तिसऱ्या दिवशी पुन्हा माती उकरायला लागली. तानीचा जीव भांड्यात पडला. आजारात बाजूला काढलेल्या तांबडीला तिनं लगेच पिल्लांत सोडलं. रोग येऊन गेला, आता कसली भीती?

चार दिवसांनी एका पिल्लानं मान पाठीवर टाकली. दुसरं जागच्या जागी गरगर फिरायला लागलं. तानीनं लसूण चेचून भरवला, हळद पाजली, थरथरणारी पिल्लं पोटाशी धरून बसली. आठवडाभरात चाळीसातलं एकही उरलं नाही. लस टोचलेल्या सातही मोठ्या कोंबड्या मात्र धडधाकट होत्या. प्रत्येक पिल्लू पुरताना तिनं पायातला दोरा सोडवला. हिरवा राघोच्या घरचा, पिवळा मैनाचा, लाल पार्वतीचा. तिला स्वतःची शिसारी आली. पोरगं तोंड फोडून सांगत होतं, आणि आपण खोकत बसलो.

बायका जमल्या, पण तिला कोणी बोल लावला नाही. "त्या डाक्टरचीच नजर लागली," शेजारची पार्वती म्हणाली. "आता आला ना, तर येशीतूनच हाकलू त्याला."

तानीनं नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. हाताचं यश शाबूत राहिलं असतं. पण कोपऱ्यात पार्वतीच्याच अकरा अंड्यांवर तानीची एक कोंबडी बसली होती, आणि पाच दिवसांत ती अंडी फुटणार होती. शैलेशला हाकललं की तीही पिल्लं मातीत जाणार, हे त्या घोळक्यात एकट्या तिलाच ठाऊक होतं.

"त्याची नजर न्हाय लागली," ती म्हणाली. "त्यानं पिल्लाच मागितली व्हती. मीच लपवली. माझ्यापायी मेली ती."

बायका एकेक करून उठल्या. पार्वती तेवढी घरी जाऊन टोपली घेऊन परत आली आणि कोपऱ्यात वाकली. कोंबडी चोच मारायला लागली, तेव्हा तानीनंच तिला उचलून धरलं. पार्वतीनं कोमट अंडी घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवायला एकेक करून टोपलीत घेतली.

"पिल्ला निघली का डाक्टरला दाखव गं," तानी कशीबशी म्हणाली.

पार्वतीनं मागं वळून पाहिलं नाही. तानी तडफडणारी कोंबडी छातीशी धरून रिकाम्या कोपऱ्यापाशी उभी राहिली.